गुरुवारची सहल

आमच्या भागात सुट्टी गुरुवारी असते. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग रविवारच्याच लग्नाची पत्रिका हातात ठेवतात. भोसरी काय, चाकण काय, कारखान्यांना विजेच्या सोयीने आठवड्याचे वार फार पूर्वी वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो चिकटला तो चिकटलाच. रविवारी सकाळी लोक अंथरुणात लोळत असतात तेव्हा आम्ही डबा घेऊन नाशिक रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभे. गुरुवारी लोक कामाला जातात आणि आम्ही घरी पडदे धुतो. त्यातून हा दत्ताचा वार, स्वामींचा वार. निम्म्या घरांत त्या दिवशी मटण शिजत नाही. त्यामुळे मटणाच्या दुकानापुढे गर्दी होते ती बुधवारी संध्याकाळी, आणि सुट्टीच्या दिवशी ताटात मुगाची आमटी. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचं आहे मला.

मिस्टर होते तोवर सगळं निभावलं. तेही कारखान्यातच, त्यांचाही गुरुवारच. लातूरकडून आलेली आम्ही दोन माणसं, इथे ना नातेवाईक ना गोतावळा, पण सुट्टी तरी एका दिवशी यायची. दुपारचा चहा आम्ही मुद्दाम लांबवायचो. मुलगा मात्र रविवारी घरी एकटा असायचा, गळ्यात किल्ली अडकवून. पुढे मिस्टर गेले, मुलगा लग्न होऊन वाकडला उंच इमारतीत राहायला गेला, आणि माझा गुरुवार मोठा झाला. सकाळी धुणं, मग झाडणं, मग दुपार. खरा घोळ दुपारचाच. कोणाला फोन करावा तर जो तो कामात. एकदा अशाच दुपारी एका माणसाचा चुकून फोन आला, त्याला त्याच्या गच्चीवरची टाकी दुरुस्त करून हवी होती. चुकीचा नंबर लागलाय हे मी त्याला बऱ्याच वेळाने सांगितलं. त्या टाकीचं सगळं गाऱ्हाणं मला अजून पाठ आहे.

मुलगा आणि सूनबाई दोघंही हिंजवडीला, संगणकावर. त्यांची सुट्टी शनिवार-रविवार. आणि त्यांच्या घरात एक पद्धत आहे, काही ठरवायचं म्हणून नाही. शनिवारी सकाळी उठायचं, खिडकीतून बाहेर बघायचं, कोणीतरी म्हणायचं चला, की निघाले. गाडीत बसल्यावर मला फोन. "आई, आम्ही निघालोय, येतेस का?" मी त्या वेळी चाकणला, कानाला एक फोन, हातात दुसरा, दारात ट्रक उभा. नाही म्हणण्याशिवाय मी काय म्हणणार. त्याच्या विचारण्यात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण ज्याला येता येणार नाही त्याला निघाल्यावर विचारलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि माणूस जिथल्या तिथे राहतो. अशा किती सहली मी फोनवर ऐकल्या. कधी पाठीमागून गाडीतलं गाणं ऐकू यायचं, कधी नातीचं खिदळणं.

माझी नोकरीच ठरवण्याची. आमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवली जातात. गाडीवाल्या कंपनीला परवा कोणत्या रंगाची किती लागतील, त्यासाठी आज कोणतं कापड कापायला घ्यायचं, ट्रक कधी सुटायचा, हे मी बघते. एक ट्रक चुकला तर तिकडे त्यांचं काम थांबतं आणि इकडे आमच्या साहेबांचं डोकं फिरतं. तेव्हा "तिथे गेल्यावर ठरवू" हे वाक्य कोणी बोललं की माझ्या कपाळावर आठी पडते. मुलगा म्हणायचा, आधी सगळं ठरवलं की मजा निघून जाते. मी त्याच्याशी पुष्कळ भांडले आहे यावरून. अचानक ठरवायला माणसं एका छताखाली लागतात. हाक मारली की ओ देणारं कोणीतरी शेजारच्या खोलीत लागतं. ज्याच्या घरात दुसरं माणूसच नाही त्याने अचानक काय ठरवायचं, आणि कोणाला सांगायचं? एकट्या माणसाला आठवडाभर आधी विचारावं लागतं, हो म्हणवून घ्यावं लागतं, आदल्या दिवशी आठवण करून द्यावी लागते. लोकांना तो चिकटपणा वाटतो. वाटू दे.

तर त्या वर्षी नातीला घाटाखालचं मोठं पार्क बघायचं होतं, पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या असलेलं. ती पहिलीत होती. तिच्या वर्गातली कोणीतरी जाऊन आली होती. मला फोनवर म्हणाली, आईला उंचावर भीती वाटते आणि बाबा सारखा फोनवर असतो, तर तू माझ्या शेजारी बस. मी विचारलं, मला भीती वाटणार नाही कशावरून? ती म्हणाली, "तू म्हातारी आहेस ना, तुला सगळं माहीत असतं."

मी तेव्हाच ठरवलं की हे मी करणार. पार्काचं मला काही कौतुक नव्हतं. मला एक अख्खा दिवस हवा होता, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, ज्यात नात माझ्या शेजारी बसलेली असेल आणि कोणाला मध्येच कुठे जायचं नसेल. एवढंच मागणं होतं. मे महिन्यातला एक गुरुवार धरला. शाळेला सुट्टी, आणि आडवार म्हणून पार्कात गर्दी कमी. मुलाला आणि सूनबाईंना महिनाभर आधी रजा टाकायला लावली. दोघांनी टाकली, हे त्यांचं मोठेपण. तिकिटं मी काढली, प्रत्येकाचं वेगळं, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवून दिली.

मग मी लागले कामाला. मोबाइलवर त्या पार्काचे लोकांनी काढलेले व्हिडिओ बघितले. माणसं आत शिरली की गेटाजवळच्या पहिल्याच पाळण्यापाशी रांग लावतात, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून आपण तडक शेवटच्या टोकाला जायचं आणि उलटं येत यायचं. ऊन चढलं की पाण्यात, उतरलं की पाळण्यांत. जेवण लोकांच्या आधी उरकायचं. एका संध्याकाळी वाकडला जाऊन नातीला दाराला टेकवून उभी केली आणि तिची उंची घेतली. मोठ्या पाळण्याला ती बोटभर कमी पडत होती. मी तो पाळणा वगळला आणि हे तिला तिथल्या तिथे सांगून टाकलं, म्हणजे ऐन वेळी रडारड नको. ती रुसली, पण अर्ध्या तासात विसरली. निघायचं उजाडायच्या आत, घाटात ट्रक यायच्या आधी. त्यासाठी मी आदल्या रात्री त्यांच्याकडे झोपायला जाणार होते. हे सगळं मी दोघांना फोनवर रोज थोडं थोडं सांगत होते. सूनबाई "हो आई, बरोबर आहे तुमचं" म्हणायच्या. मुलगा म्हणायचा, "आई, आपण फिरायला चाललोय, ट्रक भरायला नाही." मी हसण्यावारी नेलं. माझा प्लॅन चोख होता. आजही म्हणते, चोख होता.

त्या आठवड्यात मंगळवारी कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर कागद लागला. येता गुरुवार कामाचा, त्याऐवजी सोमवारी सुट्टी. आमच्याकडे याला सुट्टी बदली म्हणतात. गाडीवाल्यांना काही दुरुस्तीसाठी सोमवारी बंद ठेवायचं असलं की त्यांच्यामागे सगळ्या छोट्या कारखान्यांचा वार सरकतो. वर्षात दोनतीनदा हे होतंच, आणि बाकी सगळ्या गोष्टी धरणाऱ्या मला नेमकी हीच धरता आली नव्हती. मी साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, वाईटही वाटलं त्यांना. पण म्हणाले, मॅडम, त्या दिवशी तीन गाड्या सोडायच्यात, तुम्हीच नसाल तर कोण बघणार. माझं महत्त्व मला ऐकवून त्यांनी मला गप्प केलं.

संध्याकाळी मुलाला फोन केला. तो म्हणाला, मग राहू दे, पुढे कधीतरी जाऊ. मी म्हटलं, तुमची रजा मंजूर आहे, पोरगी दिवस मोजतेय, तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, तुम्ही तिघं जा. आणि जाताना पोरीची गुलाबी टोपी विसरू नका. तो बरं म्हणाला. बुधवारी पुन्हा फोन करून टोपीची आठवण करून दिली. रात्री मी माझ्याच घरी झोपले. नात आता कोणाच्या शेजारी बसणार, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

गुरुवारी बसमध्ये सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते. कंपनीत पोहोचलो तर वेगळाच तमाशा. गाडीवाल्यांचं काम दुसराच कुठला तरी सुटा भाग न आल्याने सकाळपासून थांबलं होतं, त्यामुळे आमची कव्हरं कोणालाच नको होती. एकही ट्रक सुटणार नव्हता. पण बोलावलेली माणसं घरी कशी पाठवणार, म्हणून सगळ्यांच्या हातात झाडू, फडकी आणि पिवळ्या रंगाचे डबे दिले. जमिनीवरच्या पट्ट्या रंगवा म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा गुरुवार यांनी पट्ट्या रंगवायला घेतला होता. मी थोडा वेळ कपाटं पुसली. मग हातातलं फडकं ठेवलं, साहेबांकडे गेले आणि म्हटलं, पोटात दुखतंय. इतक्या वर्षांत मी असं कधी केलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता गेटपासवर सही केली.

रस्त्यावर आले तेव्हा मला कळलं की मी कुठे जाते आहे हे मी ठरवलेलंच नाही, आणि तरी पाय तळेगावच्या दिशेच्या सिक्स सीटर रिक्षाकडे वळले होते. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पायात लोखंडी टोकाचे बूट. सिक्स सीटरवाला मावळातला म्हातारा होता. मी विचारलं, लोणावळ्याची बस मिळेल का तळेगावला? तो म्हणाला, "व्हय ताई, मिळंल की. आज सुट्टी न्हाई का तुमची?" मी म्हटलं, आहे. आणि मला हसूच आलं. तळेगावला बस मिळाली, लोणावळ्याला दुसरी मिळाली. खिडकीशी बसून मी घाट उतरले. मुलाला फोन करायचा नाही असं मी ठरवलं होतं. नाहीतर तो म्हणणार, अगं कशाला एवढी धावपळ. त्यांच्यापुढे एकदम जाऊन उभं राहायचं. नातीचा चेहरा कसा होईल, हे मी वाटेत पुन्हापुन्हा बघून घेतलं. खरं सांगते, मिस्टर गेल्यानंतर मी इतकी आनंदात कधी नव्हते. मुलगा म्हणतो ती अचानक निघण्याची मजा काय असते ते मला त्या बसमध्ये कळलं, आणि त्याला हे सांगायचंही मी मनाशी पक्कं केलं.

पार्काच्या गेटावर ऊन मी म्हणत होतं. मी फोनवरचं तिकीट दाखवलं. तिथल्या मुलीने माझ्या बुटांकडे बघितलं आणि आत सोडलं.

आधी पाण्याच्या बाजूला गेले, कारण या वेळी ते तिथे असायला हवे होते. नव्हते. म्हटलं, जेवायला उशीर केला असेल, माझं ऐकतील तर शपथ. जेवणाच्या जागी गेले, तिथे टेबलाटेबलावर कुटुंबं बसली होती. मी प्रत्येक टेबलाकडे बघत गेले. लहान मुलांच्या पाळण्यांपाशी उभी राहिले. मग गेटाजवळच्या त्या पहिल्या पाळण्यापाशी, जिथे जाऊ नका म्हणून मी बजावलं होतं. गुलाबी टोपी दिसली की माझं पाऊल भरभर पडायचं. तशा टोप्या बऱ्याच होत्या. बूट तापले होते, पाय भाजत होते. गर्दीत मला कोणी धक्का दिला तरी सॉरी म्हणून लोक पुढे जात होते. मी तिथे कोणाबरोबर आले आहे, असा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. शेवटी एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसून मी फोन लावला.

मुलाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. मी विचारलं, कुठे आहात? तो म्हणाला, घरी.

"अगं, आम्ही गेलोच नाही," तो म्हणाला. "सकाळी जागच आली नाही कोणाला. तू कंपनीत असणार, म्हटलं उगाच कशाला फोन करायचा."

मी म्हटलं, बरं. तो बोलत राहिला. सकाळी उशिरा उठून डोसे केले, नातीने चादरीचं घर केलं आहे आणि तिघंही दुपारभर त्यातच आहेत. त्याच्या आवाजात लहानपणचा लाडिकपणा होता. मग तो म्हणाला,

"खरं सांगू का आई, रागावू नकोस. तू येणार नाहीस म्हटल्यावर आम्हाला जरा सुटल्यासारखं झालं. पहाटे उठा, आधी तिकडे जा, मग इकडे या. फार मस्त चाललाय गं दिवस."

मी नाही रागावले म्हटलं. ते खोटं होतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं. राग यायला सुरुवात झाली आणि मध्येच विझला, त्याजागी नुसतं पोकळ वाटायला लागलं. कोणीतरी येणार नाही म्हणून घरातल्यांना बरं वाटावं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण. मी इथे आहे, एवढं सांगितलं असतं तर तो पाच मिनिटांत गाडी काढून निघाला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. तसा आहे तो. दोन तास अपराध्यासारखी गाडी चालवली असती, सूनबाईंनी शेजारी बसून चूक कोणाची ते मोजलं असतं, आणि ते चादरीचं घर मोडलं असतं. ज्या घरात मी नसताना इतकं सुख चाललं होतं तिथे मला असं घुसायचं नव्हतं. मी गिळून टाकलं.

त्याने फोन नातीकडे दिला. ती चादरीच्या आतून बोलत होती, तसा दबका आवाज येत होता. डोशाचं सांगितलं, घराला दोन खोल्या आहेत म्हणाली. तेवढ्यात समोरचा मोठा पाळणा वरून खाली आला आणि त्यातली सगळी माणसं एकदम किंचाळली.

"आजी, तू कुठे आहेस?"

"कंपनीत."

"एवढे लोक का ओरडतायत?"

"मशीन चालू आहे गं. मशीनपाशी मोठ्याने बोलावं लागतं."

तिला ते पटलं असावं. पाळणा पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला, आणि ती फोनला कान लावून ऐकत राहिली. माझ्या समोरून ओली मुलं हातात रबरी चाकं घेऊन पळत होती. एक मुलगी तर माझ्याच कट्ट्यावर येऊन बसली, नातीएवढीच, आणि पायातली चप्पल काढून त्यातलं पाणी ओतायला लागली.

"मजा वाटते तुझ्या कंपनीत," नात म्हणाली. "मला एकदा ने ना तिथे. मी तुझ्या शेजारी बसेन."

मी त्या ओल्या मुलीला सरकून जागा करून दिली.

"लहान मुलांना इथे आत सोडत नाहीत," मी म्हटलं.